रिकाम्या पिशवीस दिलेला निरोगी अहवाल रद्द करणेबाबत

प्रति,
मा. मुख्य प्रशासकीय अधिकारी,
क्ष-किरण मापन केंद्र व संलग्न रुग्णालय,
प्रशासकीय इमारत, दुसरा मजला.

विषय : रिकाम्या पिशवीचा "ऊती निरोगी" हा अहवाल व त्याच कारणाने अर्जदाराच्या बहिणीचा अहवाल रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) यंत्र रिकामे चालवू देणेबाबत अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) निरोगी ऊती गहाळ केल्याबद्दल अर्जदारास बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. सदर अर्जदार आपल्या केंद्राच्या तळघरातील विखुरण मापन कक्षात वरिष्ठ मापनकार आहे. आपले पाय त्या कक्षाला अद्याप लागलेले नसल्याने तेथे काय चालते हे आधी सांगणे भाग आहे. क्ष-किरण एखाद्या वस्तूवर टाकले की बरेचसे सरळ पार जातात, काही आतच अडकतात आणि थोडे वाट सोडून बाजूला विखुरतात. किती कोनात विखुरतात हे त्या त्या वस्तूचे ठरलेले असते. चरबी कमी कोनात विखुरते, पाणी धरून असलेले मांस त्याहून जास्त. स्तनाचा निरोगी भाग बराचसा चरबीचा असतो आणि वाईट गाठ पाणीदार असते. म्हणून सर्जनने काढलेला गाठीचा बारीक तुकडा पिशवीत घालून, पितळी चौकटीत अडकवून आमच्या यंत्रात ठेवला, की आलेखावर उंचवटा कुठे येतो त्यावरून तुकडा चांगला की वाईट ते समजते. काम एवढेच आहे. त्यावर बायकांचे जीव टांगलेले असतात, हे मात्र कामाच्या वर्णनात कुठे लिहिलेले नाही.

२. आता, किरण पिशवीही विखुरते. म्हणून आधी नुसती रिकामी पिशवी ठेवून मोजायचे, मग तीत तुकडा घालून मोजायचे, आणि दुसऱ्यातून पहिले वजा करायचे. दुकानदार तेल देताना डब्याचे वजन वजा करतो, तसेच हे. आमच्या कक्षात या मोजणीला नुसते "रिकामी" म्हणतात. कक्षाचा रिवाज असा, की नवा माणूस रुजू झाला की पहिला आठवडाभर त्याला कोणी नमुन्याला हात लावू देत नाही. त्याने फक्त रिकामी घेत बसायचे. अर्जदार रुजू झाला तेव्हा कक्षप्रमुख मॅडम त्याला म्हणाल्या, "आधी काहीच नाही ते मोजायला शीक, मग काहीतरी मोज." अर्जदाराला वाटले, मॅडम आपली फिरकी घेताहेत. त्या अजिबात घेत नव्हत्या.

३. गेल्या वर्षी यंत्र वापर तपासणी समिती कक्षात आली. तेव्हा सकाळची रिकामी चालू होती. समितीतील जाड भिंगांच्या चष्म्याचे सदस्य खाली वाकले, काचेतून आत बघितले आणि पिशवीत काय आहे असे त्यांनी विचारले. अर्जदाराने खरे ते सांगितले, की काही नाही. मग यंत्र का चालू आहे, असा पुढचा प्रश्न आला. काही नाही ते मोजतो आहे, असे अर्जदार म्हणाला. अर्जदाराचे शब्द चुकले असतील, पण त्या क्षणी दुसरे शब्द सुचले नाहीत. सदस्यांनी अर्जदाराकडे असे काही बघितले की मॅडमना मध्ये पडावे लागले. मॅडमनी फळ्यावर आकृती काढली, डब्याचे उदाहरण दिले, घसा कोरडा होईपर्यंत समजावले. सदस्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि शेऱ्यात लिहिले : "यंत्र नमुन्याविना चालविले जाते. विजेचा व क्ष-किरण नळीच्या आयुष्याचा अपव्यय."

४. त्या शेऱ्यावरून परिपत्रक निघाले. आता नमुना क्रमांक टाकल्याशिवाय यंत्राचे बटण दाबलेच जात नाही. रिकामीच्या जागी गेल्या वर्षीची एक जुनी रिकामी संगणकात घालून ठेवली आहे आणि प्रत्येक मोजणीतून तीच वजा होते. शिवाय मापनकारांचा वेळ वाचावा म्हणून आलेखही आम्हाला दाखवणे बंद झाले. आमच्या पडद्यावर फक्त "मोजणी पूर्ण" एवढे येते, त्याखाली आम्ही सही करतो आणि अहवाल छापून वरच्या वर जातो.

५. हेही एक वेळ चालून गेले असते. पण मग खरेदी विभागाने पिशव्या बदलल्या. पूर्वीच्या पिशव्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ होत्या. नव्या जाड आहेत. "टिकाऊ, फाटत नाहीत" असे शिफारसपत्रच खरेदी विभागाने सोबत जोडले होते. पिशवी बदलली की रिकामी नव्याने घ्यावी लागते, कारण जाड प्लास्टिकचा उंचवटा नेमका चरबीच्या अंगाला येऊन बसतो. जुनी पातळ पिशवी वजा केली तर नव्या पिशवीचे बरेचसे प्लास्टिक मागे उरते आणि यंत्र ते चरबी म्हणून मोजते. चरबी म्हणजे निरोगी. म्हणजे तुकडा कसाही असो, पिशवी त्याच्या वतीने खोटी साक्ष देणार.

६. अर्जदाराने तेव्हाच पहिला अर्ज केला. उत्तर आले : रिकाम्या मोजणीसाठी नमुना क्रमांक सादर करावा. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने कळवले, की नमुना नसतो म्हणूनच तिला रिकामी म्हणतात. उत्तर आले : सदर रिकामेपणा कोणत्या विभागाकडून प्राप्त झाला, ते नमूद नाही. तिसऱ्या अर्जात अर्जदाराने हात जोडले. त्यावर आपल्या कार्यालयाने सहानुभूतीपूर्वक विचार करून कळवले, की पिशवीत काहीतरी घालून रिकामी मोजणी करण्यास हरकत नाही. हे पत्र अर्जदाराने कक्षात मोठ्याने वाचून दाखवले. सगळे हसले. त्या दिवशी हसू आले, याची अर्जदाराला आता लाज वाटते.

७. आता घरचे. अर्जदाराची थोरली बहीण, जिला घरात सगळे अक्का म्हणतात, ती शिवणकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तिचे मशीन आहे, गळ्यात मोजपट्टी आहे आणि तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात धरून ती सगळ्या गल्लीची खबर सांगू शकते. अर्जदाराच्या शाळेच्या पहिल्या गणवेशापासून आज अंगात असलेल्या शर्टापर्यंत सगळे तिच्या हातचे आहे. उन्हाळ्यात तिला डाव्या बाजूला गाठ लागली. ती महिनाभर कोणाला बोलली नाही. मेहुण्यांना कळले तेव्हा त्यांनी बसवरची ड्यूटी सोडून तिला आपल्या रुग्णालयात आणले. सर्जनने तुकडा काढून आमच्याकडे धाडला. आमच्याकडे नमुन्यावर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. तो क्रमांक अर्जदाराच्या पाळीत आला. तुकडा अर्जदाराने स्वतःच्या हाताने चौकटीत बसवला. त्या वेळी तो शेजारच्या सहकाऱ्याशी रविवारच्या सुट्टीबद्दल काहीतरी बोलत होता. "मोजणी पूर्ण" असे आले, अर्जदाराने सही केली.

८. अहवाल आला : ऊती निरोगी, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मेहुणे, जे कधी रडत नाहीत, ते बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अक्काने अर्जदारासाठी नवा शर्ट बेतायला घेतला आणि छाती मोजताना म्हणाली, "तुझं पोट सुटलंय, त्याचा पण तुकडा काढून बघ एकदा." अर्जदारही हसला. मग शर्टाची बाही टाचताना तिने अहवाल वाचायला दिला. दुसऱ्या पानावर आलेख होता. अर्जदाराने तो आलेख बघितला आणि कागद उजेडात धरला. चरबीच्या जागी जो उंचवटा होता तो चरबीचा नव्हता. इतका गुळगुळीत, इतका अरुंद उंचवटा मांसाचा येत नाही. ती पिशवी होती. आणि पिशवीच्या आडून, जरा जास्त कोनाला, पाण्याचा उंचवटा डोके वर काढत होता.

९. अर्जदाराने तो कागद मॅडमना दाखवला. मॅडमनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला आणि टेबलावर ठेवला. "पिशवी आहे रे ही," एवढेच म्हणाल्या. मग दार लोटून घेऊन म्हणाल्या, "मला काय कळत नाही? तुला मीच शिकवलंय. दोनदा वर जाऊन सांगून आले. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं, मॅडम, तुमची निवृत्ती कधी आहे? तू लिही. तुझी बहीण आहे, तुझं तरी ऐकतील." मॅडमचा हा अंदाज चुकला. आयुष्यात त्यांनी दुसरे काही चुकीचे मोजल्याचे अर्जदारास माहीत नाही.

१०. अर्जदार सर्जनकडे गेला. सर्जन म्हणाले, अहवाल तुमच्याच कक्षाचा आहे, तुम्हीच सुधारून आणा, मी निरोगी बाईला दुसऱ्यांदा कसा चिरू? अर्जदार पॅथॉलॉजी विभागात गेला, जिथे पूर्वी प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघितला जाई. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निरोगी ठरलेले तुकडे आता आमच्याकडे येतच नाहीत, आणि आले तर आम्हाला परत पाठवावे लागतात. शेजारच्या शहरातील रुग्णालयाने नोंद बघून सांगितले, की आधीचा अहवाल रद्द झाल्याचे पत्र आणा, मग बघू. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि सगळी बोटे फिरून आपल्या टेबलाकडे येत होती. आणि अक्का स्वतः? तिने तर अर्जदारालाच धारेवर धरले. "खाली तुझीच सही आहे की! तूच मोजलंस, तूच सही केलीस, आणि आता तूच म्हणतोस खोटं आहे? मग मी विश्वास कोणावर ठेवायचा?"

११. तेव्हा अर्जदाराने ते केले ज्याबद्दल नोटीस निघाली आहे. त्याने नवी कोरी पिशवी घेतली, तीत काही घातले नाही, तोंड बंद केले आणि रांगेत उभे राहून नमुना स्वीकृती खिडकीवर दिली. रुग्णाच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव लिहिले. खिडकीवरच्या बाईंनी विचारले, "डावा की उजवा?" अर्जदार म्हणाला, काहीच नाही. त्या म्हणाल्या, "रकाना मोकळा ठेवता येत नाही," आणि त्यांनी डावा लिहिले. पिशवीला क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाल्यावर बटण दाबले गेले. इतक्या महिन्यांनी कक्षात पुन्हा रिकामी घेतली गेली. यंत्र नेहमीच्या आवाजात घुमू लागले तेव्हा मॅडम उठून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

१२. दुसऱ्या दिवशी अर्जदाराच्या नावे अहवाल आला. तो सोबत जोडला आहे : "बाजू : डावी. ऊती निरोगी. चरबीचे प्रमाण समाधानकारक. चिंतेचे कारण नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे." अर्जदाराने तो अक्काला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या आणि म्हणाली, "चला, पिशवीला तरी काही झालं नाही." हसली. पण त्यानंतर तिने मशीनवरचे काम बाजूला सारले आणि विचारले, "आता कुठे जायचं, सांग." म्हणजे अक्काला पटले, साहेब. जिला आलेख म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिला एका अहवालावरून पटले.

१३. आपल्या कार्यालयाला पटले नाही. चौकशी बसली. अर्जदाराची समजूत होती, की रिकामी पिशवी निरोगी कशी ठरली याची चौकशी होईल. झाली ती वेगळीच. चौकशी अधिकाऱ्यांनी अहवाल समोर ठेवला, पिशवी समोर ठेवली आणि विचारले, की अहवालानुसार या पिशवीत निरोगी ऊती होत्या, त्या आता पिशवीत नाहीत, तर त्या गेल्या कुठे? अर्जदार म्हणाला, त्या कधी नव्हत्याच. त्यावर त्यांनी शांतपणे अहवालावर बोट ठेवले. अहवाल अधिकृत होता. अर्जदाराचे तोंडी म्हणणे अधिकृत नव्हते. त्यावरून "ताब्यातील निरोगी ऊती गहाळ करणे" असा ठपका अर्जदारावर आला आहे आणि त्या सापडेपर्यंत त्याने यंत्राजवळ जाऊ नये, असा आदेश आहे. डोक्याला हात लावून बसण्यापलीकडे अर्जदाराने यावर काय करावे, हे नोटिशीत लिहिलेले नाही. सबब नोटिशीला त्याचे उत्तर हेच : गहाळ काही झालेले नाही. जे नव्हते ते आपण निरोगी ठरवले, आणि जे होते त्याच्याकडे कोणी बघितले नाही.

१४. अर्जदाराची मागणी फार नाही. पिशवीचा अहवाल चूक आहे, एवढे आपण लिहून द्यावे. तो चूक ठरला की त्याच पिशव्यांतून गेलेले सगळे अहवाल चूक ठरतात, अक्काचाही. मग सर्जनला तिला तपासता येईल. तिचा जुना तुकडा अजून शीतपेटीत आहे, पण निरोगी नमुने नष्ट करण्याची पाळी या महिनाअखेरीस आहे. तो नष्ट न करता पॅथॉलॉजीच्या बाईंकडे द्यावा. त्या म्हणतात, एका दुपारचे काम आहे. आणि नव्या पिशव्या आल्यापासून ज्या ज्या बायकांना निरोगी म्हणून घरी पाठवले त्या सगळ्यांना परत बोलवावे. त्यांना भाऊ असतील, पण तळघरात काम करणारे नसतील. त्यांनी दुसरे पान उघडूनही बघितले नसेल. बघितले तरी तो गुळगुळीत उंचवटा त्यांना सुंदरच वाटला असेल. आणि पिशवीचा अहवाल बरोबर आहे असे आपले मत असेल, तर तेही लेखी द्यावे. रिकामी पिशवी निरोगी असते, असे सहीशिक्क्यानिशी मिळाले तरी ते घेऊन अर्जदार दारोदार फिरेल. कोणीतरी माणूस ते वाचून पुढचे काम करील.

इथपर्यंत "अर्जदार, अर्जदार" असे लिहिले, कारण अर्ज तसाच लिहायचा असतो. यापुढे जमत नाही. महोदय, अक्का माझी बहीण आहे.

काल मी तिच्याकडे गेलो होतो. ती स्वतःचा कपडा उसवत होती. मी विचारले, काय करतेस? म्हणाली, काही नाही, जरा सैल करतेय. नेहमीचा, घरात घालायचा कपडा, तिच्याच हातचा. डाव्या बाजूची शिवण तेवढी ती उसवत होती. त्या शिवणीच्या आत आधीची एक जुनी शिवण दिसत होती, म्हणजे हे दुसऱ्यांदा होते. उजव्या बाजूला हात लावलेला नव्हता. माझी नजर तिथे गेलेली तिने बघितली आणि कपडा पटकन घडी करून मांडीखाली घेतला. आम्ही दोघेही मोजण्याचे काम करतो, महोदय. तिच्या मापात आजवर कोणाचा कपडा बिघडलेला नाही. मेहुणे दारात उभे होते. मला म्हणाले, "तू तर त्याच खात्यात आहेस ना? मग एवढं कसं होत नाही तुझ्याच्यानं?"

मला राग आपला येतो, समितीचा येतो, खिडकीवरच्या बाईंनी डावा लिहिले त्याचाही येतो. पण सगळ्यात जास्त राग त्या पिशवीचा येतो, आणि पिशवीवर राग काढता येत नाही. ती जशी आहे तशीच मोजली गेली. तिच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता, एवढेच.

पिशवीलाही सहा महिन्यांनी बोलावले आहे आणि अक्कालाही. पिशवीची मला काळजी नाही. ती टिकाऊ आहे, फाटत नाही, असे खरेदी विभागाने लिहूनच दिले आहे. सोबत जोडलेली ती मला परत मिळाली, की सहा महिन्यांनी मी हातात धरून आपल्यासमोर घेऊन येईन. अक्काचे तसे लेखी मला कोणी दिलेले नाही.

कळावे,
आपला, अजून तरी नम्र,
(सही)
वरिष्ठ मापनकार, विखुरण मापन कक्ष
(सध्या यंत्रापासून दूर)

दिनांक : ११ नोव्हेंबर

सोबत :
१) रिकाम्या पिशवीचा अहवाल, बाजू डावी.
२) अक्काचा अहवाल, बाजू डावी. दुसरे पान कृपया बघावे.
३) पिशवीत काहीतरी घालून रिकामी मोजणी करण्यास हरकत नसल्याचे आपले पत्र.
४) रिकामी पिशवी. ही मूळ पिशवी आहे, फोडून बघण्यास हरकत नाही.